स्क्रू विरघळेल, पण धीर हवा!

कबड्डी खेळताना माझ्या भाचीच्या गुडघ्यातलं लिगामेंट तुटलं. डॉक्टरांनी तिच्याच मांडीमागचा स्नायुबंध घेऊन नवं लिगामेंट केलं आणि विरघळणाऱ्या स्क्रूने बसवलं. दह्यात असतं त्याच लॅक्टिक आम्लापासून असे स्क्रू बनवतात. काही वर्षांत ते शरीरातच विरतात, काढायला सहसा पुन्हा ऑपरेशन लागत नाही.

पण मैत्रिणींनो, दीड-दोन महिन्यांत दुखणं कमी होतं, आणि नेमकं तेव्हाच नवं लिगामेंट नाजूक असतं! घरचे म्हणतात, "चालतेस ना आता, मग भर पाणी." असं नको. गुडघा सरळ करायचा, मांडी घट्ट करायचा व्यायाम रोज हवाच. उकिडवं बसणं डॉक्टरांना विचारूनच. मैदानावर किमान ९ महिन्यांनी. बाळंतिणीला सव्वा महिना जपतो ना आपण? मग हिलाही जपू या!