भांडुप महाग की सोलापूर?

आमच्या भांडुपमध्ये शेजारी राहणारा दहावीतला एक मुलगा परवा संध्याकाळी माझ्याकडे आला. त्याच्या वडिलांना कंपनीने 'सोलापूरला जाता का?' असे विचारले होते. पगार तोच राहणार होता आणि उत्तर आठ दिवसांत द्यायचे होते. घरात दोन तट पडले होते. "सर, मुंबईचा आणि सोलापूरचा महागाईचा निर्देशांक कुठे मिळेल? ज्याचा आकडा मोठा ते शहर महाग, होय ना?"

नाही. आणि ही चूक पुष्कळ मोठी माणसेही करतात.

औद्योगिक कामगारांसाठीचा ग्राहक किंमत निर्देशांक केंद्र सरकारचा श्रम विभाग दरमहा प्रसिद्ध करतो. मुंबई आणि सोलापूर ही दोन्ही त्याची केंद्रे आहेत. प्रथम कामगार कुटुंबांची पाहणी करून ती काय काय आणि किती विकत घेतात याची यादी करतात. मग तीच यादी दरमहा नव्या भावाने विकत घेतली तर किती खर्च येईल ते काढतात. आरंभीच्या वर्षाचा खर्च १०० मानायचा, की नंतरचा आकडा आपोआप मिळतो. लास्पेयर्स या जर्मन अर्थशास्त्रज्ञाने १८७१ साली ही रीत मांडली. सध्याच्या मालिकेचे पायाभूत वर्ष २०१६ आहे. म्हणजे २०१६ साली मुंबई १०० आणि सोलापूरही १००! त्या वर्षी दोन्हीकडे खोलीचे भाडे सारखे होते, असे कोणी म्हणेल काय?

निर्देशांक सांगतो ती वाढ, उंची नव्हे. धाकटा भाऊ वर्षात ६ सेंटिमीटर वाढला आणि थोरला २, म्हणून धाकटा उंच ठरत नाही. उंची मोजायला दोघांनाही एकाच भिंतीशी उभे करावे लागते.

तर मग एकच यादी दोन्ही गावांत विकत घेऊन पाहू या. पण यादी कोणाची? समजा, भांडुपमध्ये तांदूळ ५० रुपये आणि ज्वारी ६० रुपये किलो आहे. सोलापुरात तांदूळ ६० आणि ज्वारी ४०. (आकडे हिशेबासाठी घेतले आहेत, बाजारात जाऊन भांडू नका.) भांडुपचे कुटुंब महिन्याला २० किलो तांदूळ आणि ५ किलो ज्वारी खाते. त्याला येथे १,३०० रुपये लागतात, सोलापुरात १,४०० लागतील. म्हणजे सोलापूर सुमारे ८ टक्के महाग. आता भाकरी खाणारे सोलापूरचे कुटुंब घ्या: ५ किलो तांदूळ, २० किलो ज्वारी. त्याला तेथे १,१००, तर भांडुपमध्ये १,४५० रुपये. म्हणजे सोलापूर सुमारे २४ टक्के स्वस्त!

भाव तेच, गणित बिनचूक आणि उत्तरे उलट. अमेरिकेच्या आयर्विंग फिशर यांनी अशा वेळी दोन्ही गुणोत्तरांचा गुणाकार करून त्याचे वर्गमूळ घ्यावे, असे सुचवले. आपल्या उदाहरणात १.०७७ आणि ०.७५९ यांवरून सुमारे ०.९० येते. हा तोडगा तडजोडीचा आहे. त्या आकड्याप्रमाणे जेवणारे कुटुंब कोठेही सापडणार नाही.

हीच अडचण युरोपात मोठ्या प्रमाणावर आली होती. १९२९ साली फोर्ड मोटार कंपनीने जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेला विचारले, की डेट्रॉइटच्या आमच्या कामगाराइतके चांगले राहता यावे म्हणून युरोपच्या निरनिराळ्या शहरांत किती मजुरी द्यावी लागेल? डेट्रॉइटच्या १०० कुटुंबांचा खर्च नोंदवून ती यादी घेऊन माणसे युरोपात भाव विचारू लागली. पण कोपनहेगनचा कामगार डेट्रॉइटसारखा जेवत नव्हता की तशा घरात राहत नव्हता. देशादेशांची अशी तुलना १९६८ पासून आंतरराष्ट्रीय पातळीवर होत आली आहे. चलनेही निराळी असल्याने तेथे काम आणखी किचकट होते.

आपल्याकडे केंद्र सरकारी नोकराला महागाई भत्ता मुंबईत आणि सोलापुरात एकाच टक्क्याने मिळतो, कारण तो अखिल भारतीय निर्देशांकावर ठरतो. शहराशहरांतला फरक घरभाडे भत्त्यात दिसतो. २०१७ साली तो मुंबईसाठी मूळ वेतनाच्या २४ टक्के आणि सोलापूरसाठी १६ टक्के ठरला होता. खरा फरक कोठे आहे, हे यावरून ध्यानात येईल.

शेजारच्या मुलाला मी आईची वाणसामानाची वही घेऊन बसवले. सोलापूरचे भाव त्याने मावशीला फोन करून विचारले, आणि मावशीच्या घरची यादीही मागून घेतली. किराण्यात दोन याद्यांचे पटेना. घरभाडे मिळवल्यावर मात्र दोन्ही याद्या सोलापूर स्वस्त म्हणू लागल्या. त्यातही मी त्याला अडवले: येथली एक खोली आणि तेथल्या दोन खोल्या एकाच ओळीत लिहू नकोस, चौरस फुटाचा भाव काढ. तो काढल्यावर तर अंतर आणखी वाढले.

एक ओळ शेवटपर्यंत कोरी राहिली. भांडुपच्या यादीत लोकलचा पास होता. सोलापुरात लोकलच नाही. तेथे काय लिहायचे? त्याने स्कूटरच्या पेट्रोलचा अंदाज लिहिला आणि वही वडिलांकडे दिली. वडिलांनी ती वाचून विचारले, "आणि गाडीत लोंबकळण्यात रोज जाणारे माझे तीन तास कोणत्या रकान्यात?"