मला ड्रॅगन व्हायचंय!

गेल्या डिसेंबरात मी धाकट्या बहिणीकडे न्यू जर्सीला गेलो होतो. दोन दिवस एकसारखा बर्फ पडत होता. शाळा बंद, रस्ते बंद आणि घरात दोन भाचरे! मुसळधार पावसात ज्यांच्या घरी मुले कोंडली गेली असतील, त्यांना याहून अधिक सांगायला नको. अखेर तिसऱ्या दिवशी मेहुण्यांनी कपाटातून एक नवा कोरा खोका काढला आणि जेवणाच्या टेबलावर ठेवला. "नवशिक्यांसाठी" असे त्यावर मोठ्या अक्षरांत छापले होते.

आत पातळ पुस्तके होती, रंगीत फासे होते आणि काही छापील कागद होते. फासे म्हणजे आपल्या सारीपाटाचे नव्हेत. एकाला चार बाजू, एकाला आठ, एकाला बारा आणि एकाला तर चक्क वीस! छापील कागदांवर एकेक तयार पात्र होते. कोणी योद्धा, कोणी जादूगार, कोणी चोर. बारा वर्षांच्या भाच्याने झटकन योद्धा उचलला. आठ वर्षांच्या भाचीने मात्र हाताची घडी घातली.

"मला ड्रॅगन व्हायचंय."

"ते यात नाही गं," मेहुणे पुस्तक चाळत म्हणाले. "या कागदांतलं कोणीही हो."

तिने एकेक कागद उलटसुलट करून पाहिला, परत ठेवला आणि म्हणाली, "पण ही सगळी दुसऱ्याचीच माणसं आहेत!" मग ती उठली आणि खिडकीशी जाऊन बर्फ बघत बसली. त्या दिवशी खेळ झाला, पण तिच्यावाचून झाला.

मला त्या खेळातले ओ की ठो कळत नव्हते. पण पोरीचे ते वाक्य काही डोक्यातून जाईना. खोका नवशिक्यांसाठी आणि खऱ्याखुऱ्या नवशिक्याला मात्र त्यात जागा नाही, हे कसे? परत आल्यावर मी या खेळाचा इतिहास धुंडाळला. तो मोठा मौजेचा निघाला.

पट नसलेला खेळ

ज्या वाचकांनी हा प्रकार पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडा खुलासा करतो. या खेळाला पट असलाच पाहिजे असे नाही आणि कोणी कोणाला हरवायचेही नसते. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. त्यांतला एक सूत्रधार होतो. तो सांगतो, "तुम्ही एका पडक्या गढीच्या दाराशी उभे आहात. आतून कुबट वास येतो आहे. आता काय करता?" बाकीचे प्रत्येकी एकेक पात्र होऊन उत्तर देतात. पात्राचे बळ, बुद्धी, चपळाई वगैरे कागदावर आकड्यांत मांडलेली असते. तलवारीचा वार लागला की हुकला, याचा निवाडा फासा करतो. संकटांतून निभावले की अनुभवाचे गुण मिळतात आणि पुरेसे गुण साठले की पात्र एक पायरी वर चढते. थोडक्यात, सगळ्यांनी मिळून रचलेली ती एक गोष्टच असते. शेवट मात्र कोणालाच ठाऊक नसतो.

या खेळांचा मूळपुरुष म्हणजे 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यात लेक जिनिव्हा नावाचे लहानसे गाव आहे. तिथल्या गॅरी गायगॅक्स यांनी मिनेसोटाच्या डेव्ह आर्नेसन यांच्या साथीने तो रचला आणि 1974 साली प्रसिद्ध केला. गायगॅक्स यांनी आधी विमा कंपनीत नोकरी केली होती आणि पुढे जोडे दुरुस्त करूनही संसार चालवला होता. पहिली आवृत्ती हजार प्रतींची होती. एका पेटीत तीन चिमुकल्या पुस्तिका आणि किंमत दहा डॉलर. पात्रे तीनच प्रकारची होती: योद्धा, जादूगार आणि धर्मगुरू.

पण त्या पुस्तिका वाचून खेळ समजणे म्हणजे दिव्यच होते! युद्धाचे खेळ खेळण्यात मुरलेल्या माणसांनी आपल्यासारख्याच मुरलेल्यांसाठी त्या लिहिल्या होत्या. ज्याला कोणी शिकवणारा भेटला तो तरला. बाकीचे पहिल्या पुस्तिकेतच बुडाले.

तीन पायऱ्यांचा जिना

ही अडचण ओळखणारा गृहस्थ निघाला एक डॉक्टर. जॉन एरिक होम्स हे दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात मज्जाविज्ञान शिकवीत. नवशिक्यांसाठी हा खेळ सोपा करून लिहितो, असे त्यांनी आपण होऊन सांगितले आणि 1977 साली त्यांचा 'बेसिक' संच बाहेर पडला. खेळावर लोकांच्या अशा उड्या पडल्या, की 1979 मध्ये फाशांचा तुटवडा झाला आणि खोक्यात फाशांऐवजी आकडे छापलेले पुठ्ठ्याचे तुकडे घालावे लागले. पेल्यात घालून हलवायचे आणि एक उचलायचा!

होम्स यांच्या पुस्तकात पात्राला तीनच पायऱ्या चढता येत. चौथीसाठी दुसरी पुस्तके घ्यायची. 1981 साली टॉम मोल्डवे यांनी नवा 'बेसिक' संच तयार केला. त्यातही मर्यादा तीनचीच होती. चौथी ते चौदावी पायरी 'एक्स्पर्ट' नावाच्या वेगळ्या खोक्यात होती. पुढे फ्रँक मेंट्झर यांच्या 1983 च्या लाल खोक्यापासून सुरू झालेली मालिका तर छत्तिसाव्या पायरीपर्यंत आणि त्याही पलीकडे, अमरत्वापर्यंत गेली. त्यासाठी एकंदर पाच खोके घ्यावे लागत.

कोणी म्हणेल, हा सरळसरळ व्यापार झाला. झालाच! पण निव्वळ व्यापार म्हणून तो सोडून देता येत नाही. पहिल्या पायरीवरच्या जादूगाराला एकच मंत्र येतो आणि तोही दिवसातून एकदा. तो संपला की हातात काय ते खंजीर! अशा दुबळ्या जिवाला जगवता जगवताच खेळणारा शिकतो, की दार उघडण्याआधी कान लावावा, दोरी बरोबर घ्यावी आणि पळण्यात कमीपणा नाही. तबला शिकणाऱ्या मुलाला गुरुजी महिनोन्महिने तेच ते बोल घोटायला लावतात, ते काही त्याचा छळ करण्यासाठी नव्हे.

शिवाय ही तीन पायऱ्यांची हद्द वाटते तेवढी जवळही नव्हती. 1981 च्या नियमांप्रमाणे योद्ध्याला चौथी पायरी गाठायला आठ हजार गुण लागत. तितके साठवायचे म्हणजे कित्येक रात्री जागवायच्या.

तलवारही हवी, मंत्रही हवा

त्याच 1981 च्या खोक्यातली एक युक्ती मला फार आवडली. लहान मुलाला विचारा, "तुला योद्धा व्हायचंय की जादूगार?" दहांतले निम्मे सांगतील, "दोन्ही!" मोल्डवे यांच्या पुस्तकात या 'दोन्ही'ला नकार नव्हता. एल्फ नावाची टोकदार कानांची वनवासी जात होती. एल्फ झालात की तलवारही चालवा आणि मंत्रही म्हणा. मात्र किंमत मोजा. योद्ध्याला दुसऱ्या पायरीसाठी दोन हजार गुण पुरत आणि जादूगाराला अडीच हजार. एल्फला चार हजार लागत. आणि पुढे कितीही खोके घेतले तरी तो दहाव्या पायरीवर थांबे. तुझी हौस पुरी होईल, पण सावकाश होईल, असे हे नियम सांगत होते.

मेंट्झर यांनी वेगळी वाट धरली. त्यांचे पुस्तक उघडले की नियम समोर येतच नसत. 'तुम्ही एक योद्धे आहात' असे सांगून ते वाचकाला एकट्यालाच एका गुहेत नेत. वाटेत अलीना नावाची एक धर्मसेविका भेटते, जखमेवर उपचार करते, मैत्री होते न होते तोच बार्गल नावाचा दुष्ट जादूगार तिचा जीव घेतो. त्या वेळची मुले आज पन्नाशीत आहेत, पण अलीनाचा मृत्यू त्यांच्यातले पुष्कळ जण अजून विसरलेले नाहीत. म्हणजे पहिला वीर मेंट्झर यांनीही तयारच दिला होता. पण तो वाट दाखवण्यापुरता. खेळ कळला की त्याच पुस्तकात आपला वीर आपण घडवायचे नियम होते. पहिल्या दिवशी उसना आणि मग स्वतःचा.

पाच की एक हजार चारशे चार?

आता अलीकडच्या काळाकडे येऊ. 2014 साली या खेळाची पाचवी आवृत्ती निघाली. तिच्या मुख्य पुस्तकात नऊ वंश, बारा पेशे आणि तेरा पूर्वायुष्ये दिली होती. एकेक निवडायचे म्हटले तरी जोड्या किती होतात? एक हजार चारशे चार! मंत्र आणि शस्त्रे यांची निवड त्यानंतर. बर्फाच्या दिवसात दोन मुले घेऊन बसलेल्या बापाने हे केव्हा उरकायचे?

म्हणून त्याच वर्षीच्या 'स्टार्टर सेट'मध्ये दुसरे टोक गाठले गेले. पाच तयार पात्रे आणि पाचव्या पायरीपर्यंत त्यांना काय काय मिळणार तेही आधीच छापलेले. स्वतःचे पात्र घडवण्याचे नियम खोक्यात नव्हतेच. ते हवे असतील तर इंटरनेटवरून फुकट घ्या; त्यांत चार वंश आणि चार पेशे, म्हणजे सोळा जोड्या.

या योजनेची बाजूही ऐकली पाहिजे. झाकण उघडल्यापासून अर्ध्या तासात गोष्ट सुरू होते. पाचही पात्रे एकमेकांना पूरक असतात, त्यामुळे चार जादूगार आणि मलमपट्टीला कोणी नाही अशी फजिती होत नाही. आणि पात्राच्या नावाची जागा कोरी ठेवलेली असते. परक्या घरात निदान पाटी तरी आपल्या नावाची!

पण मधला मार्ग काही अशक्य नव्हता. 'पाथफाइंडर' या प्रतिस्पर्धी खेळाचा नवशिक्यांचा खोका 2011 साली निघाला. त्यात तीन वंश आणि चार पेशे, म्हणजे अवघ्या बारा जोड्या होत्या. पण पात्र आपण घडवायचे! कागदावर अक्षरांच्या खुणा होत्या. पुस्तक वाचत एकेक चौकोन भरत गेले की वीर तयार. ज्यांना घाई असेल त्यांच्यासाठी तयार पात्रेही होती. 2019 साली 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'नेही 'इसेन्शियल्स किट' काढून चार वंश, पाच पेशे आणि पात्र घडवण्याचे नियम एकाच खोक्यात दिले. म्हणजे वीस जोड्या.

बारा काय, वीस काय, एक हजार चारशे चारांच्या मानाने हे आकडे किरकोळच. तरी नवशिक्याला तेवढे पुरतात. कारण बारांतून का होईना, निवड त्याची असते. आपण बळ थोडे कमी घेतले आणि चपळाई वाढवली, म्हणून आज दरीवरून उडी साधली, हे समाधान तयार कागद देऊ शकत नाही. नवशिक्या हरतो, चुकतो, त्याचा वीर पहिल्याच गढीत मरतो. त्याचे त्याला फारसे काही वाटत नाही. पण वीर दुसऱ्याचा असेल तर तो मेला काय आणि जगला काय!

पिल्लापासून सुरुवात

हे सारे वाचता वाचता मी मुळापर्यंत, 1974 च्या पहिल्या पुस्तिकेपर्यंत गेलो आणि एका परिच्छेदाशी थबकलो. खेळणाऱ्याला जवळजवळ काहीही होऊ द्यायला हरकत नाही, असे त्यात म्हटले होते. अट एकच: सुरुवात दुबळेपणापासून करायची आणि पायरी पायरीने वर चढायचे. आणि उदाहरण कशाचे दिले होते? ड्रॅगनचेच! ज्याला ड्रॅगन व्हायचे असेल त्याने कोवळ्या ड्रॅगनपासून सुरुवात करावी.

खरे सांगायचे तर गायगॅक्स यांचे पुढे मन बदलले. 1979 च्या सूत्रधारांसाठीच्या ग्रंथात त्यांनी अशा राक्षसी पात्रांना उत्तेजन देऊ नये असे बजावले. केवळ बलाढ्य होण्याच्या लोभाने लोक ती मागतात, असा त्यांचा अनुभव असावा. त्यातही तथ्य आहे. तरी मला त्यांचे पहिले म्हणणे अधिक पटते. आठ वर्षांच्या मुलीला लोभ नसतो, तिला उडायचे असते. नवशिक्याच्या शक्तीला लगाम घाला, पायऱ्या मोजून द्या, मंत्र एकच द्या. पण आपण कोण व्हायचे हे त्याचे त्याला ठरवू द्या. नवशिक्यांसाठी खोका काढणाऱ्यांनी आणि तो मुलांसमोर उघडणाऱ्या आईबापांनीही एवढे पथ्य पाळावे.

त्या रविवारी मी बहिणीकडे फोन लावला. भाची फोनवर आली.

"मामा बोलतोय. ड्रॅगन होता येतं बरं का! पण अगदी पिल्लू. आग ओकता येणार नाही, आणि उडायचं ते कोंबडीएवढंच."

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग विचारणा झाली, "मोठी झाल्यावर येईल?"

"पायरी पायरीनं येईल."

"चालेल," ती म्हणाली. "पण नाव मी ठेवणार. आणि बाबांना सांग, तो कागद मला कोरा द्या."