खारा वारा, आंबोलीचा घाट आणि जुनी फियाट

वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणारी आणि पुढे ‘प्रीमियर पद्मिनी’ या नावाने ओळखली गेलेली फियाट मुंबईच्या टॅक्सींमधून ऑक्टोबर 2023 मध्ये बाद झाली. हौशी मालकांनी जपलेल्या गाड्या मात्र अजूनही धावतात. 1089 घनसेंटीमीटर क्षमतेच्या या चार सिलिंडरी इंजिनाचे ‘ॲव्हरेज’ वाढवणे म्हणजे नवी शक्ती जोडणे नव्हे, तर वाया जाणारी शक्ती अडवणे होय; आणि सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर ती वाया जाण्याच्या वाटा इतर ठिकाणांहून अधिक आहेत.

पहिली वाट कार्बोरेटरमधून जाते. हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या या सुट्या भागाच्या अरुंद गळ्यातून हवा वेगाने वाहू लागली की तेथील दाब घटतो आणि ‘जेट’ नावाच्या बारीक छिद्रातून पेट्रोल वर खेचले जाते. एक किलो पेट्रोल पूर्णपणे जळण्यास सुमारे 14.7 किलो हवा लागते, परंतु कार्बोरेटर हवेचे आकारमान ओळखतो, वजन नव्हे. मालवणच्या समुद्रसपाटीवर जुळवलेली गाडी सुमारे 690 मीटर उंचीच्या आंबोलीला पोहोचते तेव्हा हवेचा दाब जवळजवळ 8 टक्क्यांनी उतरलेला असतो, आणि मिश्रणातील पेट्रोलचे प्रमाण 3 ते 4 टक्क्यांनी वाढते. पावसाळ्यात 30 अंश तापमानाच्या ओलसर हवेत शंभरांतले सुमारे चार भाग निव्वळ पाण्याची वाफ असते, म्हणजे तेवढा प्राणवायू आणखी कमी. घाटात गाडी दमली असे म्हटले जाते, तेव्हा त्या दमण्याचा काही वाटा इंजिनाचा नसून हवेचाच असतो. म्हणून ट्यूनिंग जेथे गाडी प्रामुख्याने चालणार तेथेच, आणि इंजिन पूर्ण गरम झाल्यावर करणे शहाणपणाचे ठरते.

दुसरा प्रश्न इंधनाचा आहे आणि तो अधिक गुंतागुंतीचा आहे. आजच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. प्रत्येक लिटरमागे इथेनॉलची ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी असल्यामुळे अशा मिश्रणात 6 ते 7 टक्के ऊर्जा मुळातच घटलेली असते. तेवढ्या घसरणीबद्दल मेकॅनिकला दोष देणे अन्यायाचे आहे. शिवाय इथेनॉलच्या रेणूत प्राणवायू असल्यामुळे त्याला जळण्यासाठी हवा कमी लागते आणि जुन्या जेटमधून येणारे मिश्रण पातळ पडते. नव्या गाडीतील संवेदक ही तफावत भरून काढतो. फियाटमध्ये तो नाही, त्यामुळे गाडी धक्के देत असेल तर किंचित मोठा जेट बसवावा लागतो. जुन्या रबरी नळ्या आणि पंपाचा पडदा इथेनॉलने फुगतात किंवा चिरतात, म्हणून ते बदलणे हा काटकसरीपेक्षाही आगीपासून बचावाचा भाग आहे.

खाऱ्या हवेचा खरा घाव विजेच्या जोडांवर बसतो. मीठ ओलावा धरून ठेवते, जोडांवर गंज चढतो, विद्युतरोध वाढतो आणि ठिणगी दुबळी होते. ठिणगीची वेळ ठरवणारे ‘पॉइंट’ मुळातच झिजत असतात. त्यांची फट बदलली की ‘टायमिंग’ सरकते, आणि ठिणगी उशिरा पडल्यास जळणाऱ्या वायूची बरीच उष्णता पिस्टन ढकलण्याऐवजी सायलेन्सरवाटे निघून जाते. पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक जोडणी बसवणे हा म्हणूनच खर्चाचे चीज करणारा बदल होय. याउलट, जास्त ऑक्टेनचे महाग पेट्रोल म्हणजे अवेळी पेट घेण्यास अधिक विरोध करणारे इंधन. कमी दाबावर चालणाऱ्या या इंजिनाला त्याचा उपयोग नाही. पेट्रोल वाचवण्याच्या नावाखाली इंधननळीवर बसवायच्या चुंबकांविषयी तर बोलायलाच नको.

थर्मोस्टॅट ही इंजिन गरम होईपर्यंत रेडिएटरकडे जाणारे पाणी अडवणारी झडप असते. गाडी तापू नये म्हणून ती काढून टाकण्याची सवय भारतीय गॅरेजांत जुनी आहे, पण त्यामुळे इंजिन सदैव थंडसर राहते, पेट्रोलची नीट वाफ होत नाही आणि तेल घट्ट राहून घर्षण वाढते. तापण्याचे मूळ बहुधा चोंदलेल्या रेडिएटरमध्ये असते. ब्रेकमध्येही शक्ती अशीच वाया जाते: ड्रममधील सिलिंडर गंजून अडकला की चाक सतत ओढले जाते, आणि प्रवासानंतर एखादा ड्रम इतरांहून फार तापलेला आढळला, तर पेट्रोल तेथे जळते आहे असे समजावे. शेवटी वेगाचाही प्रश्न आहे: हवेचा अवरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे ताशी 60 ऐवजी 80 किलोमीटर वेग धरल्यास तो जवळजवळ 1.8 पट होतो. चतुर्थीला गावी निघालेल्या चाकरमान्याच्या टपावर सामानाचा कॅरियर असेल तर त्यात आणखी भर पडते.

इंजिनच बदलून टाकण्याचा मोह पडणाऱ्यांनी 2021 चे केंद्रीय नियम लक्षात घ्यावेत. 50 वर्षांहून जुन्या गाडीला ‘व्हिंटेज’ नोंदणी मिळते ती सांगाडा, बॉडी आणि इंजिनात मोठे फेरफार झालेले नसतील तरच.

पावसाळ्यात महिनोन्‌महिने पडवीत उभ्या राहणाऱ्या गाडीची टाकी अर्धवट भरलेली ठेवू नये. रिकाम्या जागेतील दमट हवेचे पाणी इथेनॉल शोषून घेते, ते मर्यादेबाहेर गेले की पाणी आणि इथेनॉल वेगळे होऊन तळाशी बसतात, आणि गाडीचा पंप नेमका तळातूनच इंधन ओढतो.