विश्लेषण : हवेचा आकडा नेमका ठरतो कसा? पर्यावरण डेटा विश्लेषक काय करतात?

डिसेंबर २०२४च्या अखेरीस मुंबई महापालिकेने भायखळा आणि बोरिवली पूर्व या भागांतील बांधकामे थांबवण्याचा निर्णय घेतला. तेथील हवा गुणवत्ता निर्देशांक (एक्यूआय) सातत्याने २००च्या वर राहत असल्याचे कारण त्यासाठी देण्यात आले. एका आकड्यामुळे विकासकांचे काम थांबले, मजुरांचा रोजगार बुडाला आणि आसपासच्या रहिवाशांना मोकळा श्वास घेण्याची आशा वाटली. हा आकडा यंत्रातून थेट मोबाइलवर येत नाही. मधल्या टप्प्यात नोंदी तपासणे, गाळणे, सरासरी काढणे आणि अर्थ लावणे अशी बरीच कामे असतात. ती करणारे पर्यावरण डेटा विश्लेषक नेमके काय करतात, आणि त्यांच्या निर्णयांचा आकड्यावर किती परिणाम होतो?

एक्यूआय म्हणजे नेमके काय?

एक्यूआय हे थेट मोजमाप नसून मोजमापांवरून काढलेला निर्देशांक आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची (सीपीसीबी) ही पद्धत देशात २०१५पासून लागू आहे. तीत पीएम १०, पीएम २.५, नायट्रोजन डायऑक्साइड, सल्फर डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, ओझोन, अमोनिया आणि शिसे या आठ प्रदूषकांचा विचार होतो. प्रत्येक प्रदूषकाची सरासरी काढली जाते. ओझोन आणि कार्बन मोनॉक्साइडसाठी ती आठ तासांची, तर इतरांसाठी २४ तासांची असते. या सरासरीवरून प्रत्येकाचा उपनिर्देशांक काढतात आणि त्यांतील सर्वांत वाईट उपनिर्देशांक हाच त्या केंद्राचा एक्यूआय ठरतो. किमान तीन प्रदूषकांच्या नोंदी असाव्यात आणि त्यांत पीएम १० किंवा पीएम २.५ असलाच पाहिजे, अशी अट आहे. ५०पर्यंत ‘चांगली’, १००पर्यंत ‘समाधानकारक’, २००पर्यंत ‘मध्यम’, ३००पर्यंत ‘वाईट’, ४००पर्यंत ‘अतिवाईट’ आणि त्यापुढे ‘गंभीर’ अशा सहा श्रेणी आहेत.

विश्लेषकाचे काम कुठून सुरू होते?

यंत्राच्या चुका शोधण्यापासून. स्वयंचलित केंद्रांतील अनेक यंत्रे फितीवर धूळ गोळा करतात, त्यातून बीटा किरण सोडतात आणि किती किरण अडले यावरून धुळीचे प्रमाण ठरवतात. वीज गेली, फीत संपली, हवा खेचणारा पंप अडखळला किंवा यंत्राचे प्रमाणीकरण वेळेवर झाले नाही, की नोंद बिघडते. एकच आकडा सलग अनेक तास दिसला, तर यंत्र अडकल्याची शंका येते. पीएम २.५ हा पीएम १०चाच भाग असतो. त्यामुळे एखाद्या केंद्रावर पीएम २.५ सातत्याने पीएम १०पेक्षा जास्त दिसू लागला, तर दोन्हींपैकी एक यंत्र नक्कीच चुकते आहे.

मात्र विचित्र दिसणारी प्रत्येक नोंद पुसून टाकणेही धोक्याचे असते. दिवाळीच्या रात्री धुलिकण एकदम वाढले, तर ते खरेच वाढलेले असू शकतात. हवा अगदी स्वच्छ असताना यंत्र कधीकधी शून्याखालचा लहानसा आकडा देते. असे सगळे आकडे काढून टाकले, तर उरलेल्यांची सरासरी विनाकारण वर जाते. म्हणून कोणती नोंद कोणत्या कारणासाठी वगळली, हे लिहून ठेवणे हा या कामाचा पहिला नियम मानला जातो.

गहाळ नोंदी इतक्या महत्त्वाच्या का?

एखाद्या प्रदूषकाचा २४ तासांचा उपनिर्देशांक काढण्यासाठी किमान १६ तासांच्या नोंदी पुरतात. म्हणजे आठ तासांच्या नोंदी नसल्या, तरी आकडा जाहीर होऊ शकतो. याचा परिणाम एका काल्पनिक उदाहरणातून पाहता येईल. समजा, एका केंद्रावर १८ तास पीएम २.५चे प्रमाण घनमीटरमागे ५० मायक्रोग्रॅम आणि रात्रीचे सहा तास २५० मायक्रोग्रॅम होते. दिवसाची सरासरी १०० येते आणि निर्देशांक सुमारे २३०, म्हणजे ‘वाईट’. आता नेमक्या त्या सहा तासांतच यंत्र बंद होते असे धरा. उरलेल्या १८ तासांची सरासरी ५० येते, निर्देशांक ८३ होतो आणि हवा ‘समाधानकारक’ ठरते. गणित नियमानुसार बरोबर असते. रहिवाशांनी मात्र रात्रभर वाईट हवाच घेतलेली असते.

हा प्रश्न केवळ पुस्तकी नाही. दिल्लीत २०२५च्या दिवाळीत ३७पैकी केवळ नऊच केंद्रे सलग सुरू होती, याकडे न्यायमित्रांनी नोव्हेंबरमध्ये वृत्तपत्रांतील बातम्यांचा दाखला देत सर्वोच्च न्यायालयाचे लक्ष वेधले होते. नोंदी गहाळ असतील, तर त्या कोणत्या वेळच्या आहेत हे पाहणे म्हणूनच आवश्यक ठरते. दिवसभरात विखुरलेल्या तासांची पोकळी आणि प्रदूषणाच्या ऐन वेळची पोकळी या दोन्ही सारख्या नसतात.

दोन ॲपवर दोन वेगळे आकडे का दिसतात?

पहिले कारण मोजपट्टीचे. पीएम २.५ची २४ तासांची सरासरी ६० मायक्रोग्रॅम असेल, तर भारतीय पद्धतीने निर्देशांक १०० येतो आणि हवा ‘समाधानकारक’ ठरते. अमेरिकेने मे २०२४पासून लागू केलेल्या पद्धतीने तोच निर्देशांक १५०च्या वर जातो, म्हणजे सर्वांसाठीच अपायकारक. हवा तीच, धूळ तीच, पण इयत्ता वेगळी. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ची शिफारस तर २४ तासांसाठी १५ मायक्रोग्रॅमची आहे. शिवाय भारतीय निर्देशांक ५००वर थांबतो, काही खासगी ॲपवर तो त्यापुढेही जातो.

दुसरे कारण यंत्राचे. काही ॲप स्वस्त सेन्सरच्या नोंदीही वापरतात. हे सेन्सर कणांवरून परावर्तित होणारा प्रकाश मोजतात. दमट हवेत कण पाणी शोषून फुगतात आणि सेन्सरला धूळ प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसते. मुंबईसारख्या किनारी शहरात ही चूक मोठी असू शकते. त्यासाठी असे सेन्सर काही काळ प्रमाणित यंत्राशेजारी ठेवून, आर्द्रतेनुसार दुरुस्तीचे सूत्र तयार करावे लागते. तिसरे कारण वेळेचे. एक ॲप चालू तासाचे प्रमाण दाखवते, तर दुसरे मागील २४ तासांची सरासरी.

हवा सुधारली की वारा फिरला?

विश्लेषकापुढचा सर्वांत अवघड प्रश्न हाच असतो. मुंबईत दिवसा समुद्रावरून येणारा वारा धूळ वाहून नेतो. हिवाळ्यात तो उशिरा सुरू झाला किंवा मंदावला, की तेवढ्याच उत्सर्जनात हवा बिघडते. पावसाळ्यात ती आपोआप सुधारते. म्हणून जानेवारीची तुलना जुलैशी करून उपाययोजना यशस्वी झाल्याचे सांगता येत नाही. यंदाच्या जानेवारीची तुलना गेल्या जानेवारीशी केली, तरी दोन्ही वर्षांचे वारे सारखे नसतात. त्यामुळे वाऱ्याचा वेग, दिशा, तापमान आणि आर्द्रता यांचा प्रभाव सांख्यिकी पद्धतीने वजा करून उरलेला बदल पाहिला जातो.

केंद्रांची संख्या बदलली तरी चित्र बदलते. शहरात स्वच्छ परिसरातील दोन केंद्रे नव्याने सुरू झाली, तर शहराची सरासरी खाली येते. प्रत्यक्षात जुन्या केंद्रांजवळची हवा होती तशीच असते. तसेच, मानवी देखरेखीखालील जुन्या केंद्रांवर आठवड्यातून दोनदा, म्हणजे वर्षाला १०४ दिवस नमुने घेतले जातात. त्यांची तुलना रोज, तासातासाला नोंद करणाऱ्या स्वयंचलित केंद्रांशी थेट करता येत नाही.

यात पैशांचा प्रश्न कुठे येतो?

२०१९मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात मुंबई, पुणे, नागपूरसह देशातील अनेक शहरे आहेत. त्यांची प्रगती मुख्यत्वे पीएम १०च्या वार्षिक प्रमाणावरून ठरते. दहा लाखांहून अधिक लोकसंख्येच्या शहरांना पंधराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीनुसार मिळणारे अनुदानही हवेतील सुधारणेशी जोडले गेले. म्हणजे सरासरी कोणत्या केंद्रांची घ्यायची आणि कोणते दिवस वगळायचे, या तांत्रिक वाटणाऱ्या निर्णयांना आर्थिक वजन आले. पीएम १०मध्ये रस्त्यावरची आणि बांधकामाची धूळ मोठ्या प्रमाणात असते. फुप्फुसांत खोलवर जाणारा पीएम २.५ मात्र प्रामुख्याने ज्वलनातून येतो. मोजपट्टी पीएम १०ची असेल, तर निधी रस्ते धुणे आणि झाडण्याकडे वळणे स्वाभाविक ठरते.

या क्षेत्रात काम कुठे आणि कसे मिळते?

प्रदूषण नियंत्रण मंडळे, महापालिका, पर्यावरण सल्लागार कंपन्या, संशोधन संस्था आणि स्वयंसेवी संस्था येथे अशा विश्लेषकांची गरज असते. ‘सफर’ ही हवेचा अंदाज वर्तवणारी प्रणाली विकसित करणारी पुण्यातील भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था (आयआयटीएम) हे महाराष्ट्रातील ठळक उदाहरण. अतिप्रदूषणकारी १७ उद्योगगटांना चिमणीतून बाहेर पडणाऱ्या वायूंची आणि सांडपाण्याची सतत नोंद करणारी यंत्रे बसवावी लागतात. शेअर बाजारातील आघाडीच्या एक हजार कंपन्यांना २०२२-२३पासून सेबीच्या नियमानुसार पर्यावरणविषयक अहवाल देणे बंधनकारक आहे. त्यामुळे उद्योगांतही मागणी वाढली.

पर्यावरणशास्त्र, रसायनशास्त्र, भूगोल, संख्याशास्त्र किंवा अभियांत्रिकी अशा कोणत्याही शाखेतून येथे येता येते. एक्सेलपासून सुरुवात करून पायथन किंवा ‘आर’ ही संगणकीय भाषा आणि नकाशांसाठी क्यूजीआयएससारखी मोफत प्रणाली शिकावी लागते. सीपीसीबीच्या नोंदी सार्वजनिक असल्याने विद्यार्थ्यांना खऱ्या आकडेवारीवर सराव करता येतो. मात्र केवळ संगणकीय कौशल्य पुरत नाही. केंद्र रहदारीच्या चौकात आहे की उद्यानात, शेजारी बांधकाम सुरू आहे का, हे प्रत्यक्ष जाऊन पाहिल्याशिवाय आकड्याचा अर्थ लागत नाही.

सामान्य वाचकाने काय पाहावे?

शहराच्या एका आकड्यापेक्षा घराजवळच्या केंद्राचा आकडा अधिक उपयोगी असतो. सीपीसीबीच्या ‘समीर’ ॲपवर तो केंद्रनिहाय मिळतो. त्यासोबत मुख्य प्रदूषक कोणता, हेही पाहावे. दमा किंवा हृदयविकार असलेल्यांनी, तसेच लहान मुलांना मैदानावर पाठवणाऱ्या पालकांनी २४ तासांच्या सरासरीबरोबर तासागणिक प्रमाण बघावे, कारण सकाळची वाईट वेळ सरासरीत लपते. आणि आकडा अचानक सुधारलेला दिसला, तर आदल्या दिवशीच्या किती तासांच्या नोंदी उपलब्ध आहेत, हे आधी तपासावे.