छप्पर आणि मंडळी

माझा भाचा ग्लासगोला असतो. मध्यंतरी त्यानं एक फोटो पाठवला. उंच दगडी भिंती, टोकदार कमानी आणि कमरेला दोर बांधून वर चढणारी मुलं. खाली लिहिलं होतं, ‘मामू, हे पूर्वी चर्च होतं.’ आयब्रॉक्स भागातल्या त्या चर्चमध्ये आता गिर्यारोहणाचा सराव चालतो. त्याच शहरातल्या दुसऱ्या एका चर्चमध्ये २००४ पासून नाटकं होतात, बारही चालतो.

गंमत वाटायला हवी होती, पण वाटली नाही. मी विल्सन कॉलेजचा बी.ए. चौपाटीसमोरच्या त्या कॉलेजचं मूळ जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्यानं १८३२ मध्ये काढलेल्या शाळेत आहे. त्यामुळे स्कॉटलंडचं चर्च मला अगदीच परकं नाही. म्हणून थोडं वाचू लागलो.

‘चर्च ऑफ स्कॉटलंड’ हे तिथलं मोठं प्रॉटेस्टंट चर्च. १९५०च्या दशकाच्या मध्यावर त्याचे सभासद १३ लाखांच्या आसपास होते. २०२३ अखेर ते दोन लाख साठ हजारांच्या आत आले. जुनी माणसं गेली, त्यांच्या मुलांनी आपल्या मुलांचा बाप्तिस्मा केला नाही, रविवार इतर गोष्टींनी भरला. असं घडायला कुणी एक खलनायक लागत नाही. प्रश्न असा की, माणसं कमी होत असताना पुढे उभं राहणाऱ्यानं करायचं काय?

आपले मराठी ख्रिस्ती बांधव दोन सुंदर शब्द वापरतात. धर्मोपदेशक तो ‘पाळक’ आणि जमलेले भाविक ती ‘मंडळी’. इमारत म्हणजे मंडळी नव्हे. स्कॉटलंडात १५६० च्या धर्मसुधारणेनंतर जी रीत रुजत गेली, ती याच समजुतीवर. तिथे बिशप नाही. गावचं चर्च पाळक आणि मंडळीतून निवडलेले ‘वडील’ मिळून चालवतात. हे वडील एरवी शेतकरी, शिक्षक, दुकानदार. प्रत्येकाकडे काही घरं नेमून दिलेली. प्रभुभोजनाच्या आधी वडिलांनी त्या घरांत जायचं, विचारपूस करायची आणि शिशाचं एक बिल्लेवजा नाणं द्यायचं. ते दाखवल्याशिवाय प्रभूच्या मेजावर जागा नसे. यात पाळतही होती, हे खरं. असा करडा गृहस्थ माझ्या दारात आलेला मला आवडला नसता! पण कुणाच्या घरी आजारपण आहे, कुणाचं काम सुटलंय, हे त्याला ठाऊक असे.

आज त्या वडिलांचं काय होतं? बैठकीत विषय निघतो गळक्या छपराचा. मग हीटिंगच्या बिलाचा, मग हिशेबाचा. २००५ च्या कायद्यानं ते धर्मादाय संस्थेचे विश्वस्त ठरले, म्हणजे कागदोपत्री जबाबदारीही त्यांच्यावर. सत्तरी ओलांडलेली ही माणसं मनापासून राबतात, पण घरोघर जायला वेळ उरत नाही. पाळकाचीही तीच गत. एकेकाकडे दोन-दोन, तीन-तीन गावं. इथली उपासना संपवायची आणि गाडी काढून पुढच्या गावी पळायचं. अशा वेळी मंडळी एका आशेवर बसते : चांगला तरुण पाळक मिळाला की बाकं पुन्हा भरतील. मला वाटतं, खरं दुखणं ही वाट पाहणं आहे. तो तरुण येतो, दोन वर्षं एकट्यानं ओढतो आणि थकतो.

त्यांच्याच इतिहासात वेगळी उदाहरणं आहेत. गावचा पाळक जमीनदारानं नेमायचा की मंडळीनं, या वादातून मे १८४३ मध्ये साडेचारशेहून अधिक पाळक चर्च सोडून बाहेर पडले. पगार गेला, राहतं घर गेलं, चर्चची इमारत गेली. मुंबईत जॉन विल्सनही त्यांच्याच बाजूनं गेले. टॉमस चाल्मर्स या पुढाऱ्यानं मोठं भाषण तर केलंच, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे एक सामाईक निधी उभा केला. साऱ्या मंडळ्यांनी त्यात पैसे टाकायचे आणि त्यातून गरीब गावच्या पाळकालाही पगार मिळायचा. सूनार्टच्या खाडीकाठी जमीनदारानं जागा नाकारली, तेव्हा तिथल्या लोकांनी १८४६ मध्ये चक्क तरंगतं चर्च बांधून आणलं. अर्थात ती माणसं संख्येनं भरपूर होती आणि इरेला पेटलेली होती. आजच्या थकलेल्या पंचवीस जणांना ‘तसं करा’ म्हणणं अन्यायाचं होईल.

त्यापेक्षा मला जॉर्ज मॅक्लाऊड जवळचे वाटतात. ग्लासगोच्या गोव्हन भागात, जहाजबांधणी बसली आणि बेकारी माजली, त्या काळात ते पाळक होते. १९३८ मध्ये त्यांनी बेकार कारागीर आणि नवशिके पाळक यांना आयोना बेटावर नेलं आणि पडक्या मठाच्या इमारती बांधायला घेतल्या. तिथे गवंडी आणि सुतार उस्ताद, आणि पाळक त्यांच्या हाताखाली दगड वाहणारे. उपदेश करणाऱ्यानं काही वर्षं दुसऱ्याकडून शिकावं, ही शाळा मला फार मोलाची वाटते.

सामान्य सभासदांच्या वाट्याला मोठा मान मात्र उशिरा आला. स्त्रियांना वडील होता आलं ते १९६६ मध्ये, पाळक १९६८ पासून. २००४ मध्ये ॲलिसन इलियट जनरल असेंब्लीच्या अध्यक्ष झाल्या. त्या पहिल्या स्त्री अध्यक्ष, आणि १५६७ च्या जॉर्ज ब्यूकॅनन यांच्यानंतर पाळक नसलेल्या पहिल्याच.

हे वाचताना मला अब्बा आठवत होते. आमच्या मोहल्ल्यात एकदा काही महिने इमाम नव्हते. जमातीतला जाणकार माणूस पुढे उभा राहू शकतो, म्हणून कारकुनी करणारे अब्बा उभे राहिले. आवाज बेताचा, खुतबा कागदावर लिहिलेला. पण पहाटेच्या सफेत कोण दिसलं नाही हे त्यांच्या लक्षात राही, आणि परतताना ते त्या दारावर थांबत. नवे इमामसाहेब आले, त्या दिवशी अब्बा दुसऱ्या सफेत जाऊन उभे राहिले. पुढे ते काम इमामसाहेबांनी आणि त्यांनी वाटून घेतलं.

स्कॉटलंडात २०२१ पासून, कुठल्या इमारती ठेवायच्या आणि कुठल्या सोडायच्या, याचे आराखडे होऊ लागले. बंद होणाऱ्या चर्चमध्ये कुणाचं लग्न लागलेलं असतं, भिंतीवर महायुद्धात गेलेल्या मुलांची नावं असतात. ही बातमी पत्रानं कळवायची नसते. पाळकानं आणि वडिलांनी समोर बसून, वेळेत, आकडे न लपवता सांगायची असते. लोक रडतील, चिडतील, आणि ते ऐकून घ्यावं लागेल. मग छपराच्या ओझ्यातून सुटलेल्या त्या वडिलांच्या हाती पुन्हा घरांची यादी द्यावी. उपासना शाळेच्या हॉलमध्येही होते.

भाच्याला मी विचारलं, ‘तिथली मंडळी कुठं गेली रे?’ त्याला माहीत नव्हतं. म्हणाला, ‘रविवारी कुणाला तरी विचारतो, मामू.’