खाडाखोड आणि सही

रेवसच्या धक्क्यावर लाँचची वाट पाहत बसावे, पाण्यापलीकडे मुंबई. तिथे कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत संध्या कौशिका मिलिमीटरभर लांबीच्या पारदर्शक कृमीत मज्जातंतूंतून मालवाहतूक कशी चालते, ते अभ्यासतात. या उभयलिंगी कृमीच्या मज्जापेशी अवघ्या ३०२! २०१३ पासून क्रिस्पर नावाच्या रासायनिक कात्रीने शास्त्रज्ञ त्याची जनुके बदलू लागले. जननग्रंथीत बारीक सुईने कात्री सोडायची. बदल पिल्लांत उतरतो. मुद्दाम केलेल्या अशा चुकांतून माणसाचे मज्जाविकार उमगू लागतात.

बँकेत आम्ही खातेवहीतला आकडा खोडला, तर शेजारी सही करावी लागे. २०१८ साली चीनमध्ये मानवी गर्भाच्या जनुकांतही खाडाखोड झाली, मुली जन्मल्या. खाते ज्यांचे, त्यांची सही कोणी घेतली होती?