मापाचा ब्लाउज

मागच्या महिन्यात दादरच्या एका टॉवरमध्ये बारशाला गेले होते. मलमलची झबली, टोपडी आणि खणाची कुंची घेऊन. झबल्यांच्या शिवणी बाहेरच्या अंगाला घेतलेल्या, बटणांऐवजी बंद, म्हणजे कोवळ्या अंगाला काही टोचू नये. बाळाची आई गोड हसली. ‘मावशी, खूप क्यूट आहे हो, पण आम्ही याला सर्टिफाइड ऑरगॅनिकच घालतो.’ पिशवी माझ्याबरोबर लिफ्टने खाली आली. सुती कापडाच्या गिरण्यांच्या उरावर उभ्या राहिलेल्या या भागात सुताला आता दाखला लागतो!

दुसऱ्यासाठी हौसेने शिवण्याची रीत मुंबईत जुनी. 1908 साली निघालेल्या गावदेवीच्या सेवासदनाने बायकांना शिवण शिकवलं, पुढे झारापकर पद्धतीची पुस्तकं मध्यमवर्गीय घरांत पोचली, लग्नात मुलीला मशीन देण्याची टूम निघाली. हे सगळं ठीक. सत्तरचं दशक तर टेरिकॉटनेच नासवलं. घाम टिपत नाही, इस्त्री जरा तापली की आक्रसतं. त्याबद्दल काय लिहायचं?

लिहायचं ते ऐंशीच्या दशकाबद्दल. मी तेव्हा लालबागच्या चाळीत, टेलिफोन खात्यात नोकरीला. रात्री जेवणं उरकली की पायमशीन बाहेर काढायचं, पट्टा चढवायचा आणि शेजारणींचं शिवत बसायचं. कापड गिरणीच्या दुकानातलं, डागी नाहीतर फेंट म्हणजे उरलेले तुकडे, गिरणीत कामाला असलेल्या त्यांच्या नवऱ्यांनी आणलेलं. एरवी हिंदमातावरून कटपीस. (आता हिंदमाता म्हटलं की लोकांना फक्त तुंबलेलं पाणी आठवतं.) पैसे घ्यायचे नाहीत हा माझा हट्ट. बदल्यात कोणी सोलकढी आणून देई, कोणी पाळी लावून नळावर हंडा भरून ठेवी. मजल्यावरच्या जवळजवळ प्रत्येक बाईचा मापाचा ब्लाउज माझ्या ट्रंकेत असायचा. कोणाला दिवस गेलेत हे सासूच्या आधी मला कळायचं.

18 जानेवारी 1982 ला कामगारपुढारी डॉ. दत्ता सामंतांचा गिरणी संप सुरू झाला. साठेक गिरण्या, अडीच लाख कामगार. पेपरात आकडे छापून येत, माझ्याकडे ब्लाउज येत. ‘दोन्ही बाजूंनी आत टीप मारून दे गं.’ पावसाळ्यानंतर तोच ब्लाउज पुन्हा, ‘अजून एक मार.’ एक वेळ जेवतोय असं कोणी तोंडाने बोललं नाही. मीही विचारलं नाही, नुसती टीप मारली. काहींचे पुरुष कोकणात, घाटावर निघून गेले. बायकांनी रेडिमेडवाल्यांची काजं-बटणं घरी आणली. मी ऑफिसात असताना माझ्या मशीनवर शेजारीण कॉलर शिवायची. संध्याकाळी घरी यावं तर जमिनीवर धाग्यांचे तुकडे आणि मशीन गरम.

त्याच सुमारास एक कार्यकर्त्या बाई चाळीत आल्या. सगळ्यांसमोर मला म्हणाल्या, ‘तुम्ही पगारदार. फुकट शिवून या बायकांचा दर पाडताय.’ मुद्दा बिनतोड होता. त्या दिवसापासून ब्लाउज घेणं मी बंद केलं आणि येणाऱ्या प्रत्येकीला कॉलरवालीकडे धाडलं. पण बाई तिथे थांबल्या नाहीत. झबल्या-कुंच्यांचाही त्यांना गृहउद्योग करायचा होता, प्रदर्शनात स्टॉल लावायचा होता. बाईमाणसाला हौस असू शकते, नुसती हौस, हे त्यांच्या बुद्धीला झेपेना. चाळीत जन्मलेल्या पोराच्या पहिल्या झबल्याला किंमत लावायची तर मग मावशी, आत्या, शेजारीण हव्यात कशाला? मी नाही म्हटलं. संपकाळात पाळणे कमी हलले नाहीत. प्रत्येक पोराला झबलं मिळालं, आणि नंतर ते पुढच्या घरी गेलं. बाई पुढे कोणत्याशा समितीवर गेल्या. काजाचा दर काही वाढला नाही.

संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही, नुसता विरून गेला. दशकाच्या शेवटी पोरींना फुग्याच्या बाह्यांचे फ्रॉक हवे झाले, तेवढी एक मौज. मग रेडिमेड आलं. दादर स्टेशनबाहेरच्या फुटपाथवर शिलाईपेक्षा स्वस्तात अख्खा फ्रॉक मिळू लागला. फिनिक्स मिलचा मॉल झाला. जिथे कापड विणलं जायचं तिथे आता शिवलेले कपडे टांगतात. चाळी गेल्या, दारं बंद झाली. 2020 साली मास्क शिवायला सगळ्यांना मशीनं आठवली, ती पुन्हा कपड्याखाली झाकली गेली.

आणि आता ‘हँडमेड’ला भाव आला आहे. परवा परळच्या एका गिरणीच्या आवारात शिवणाच्या वर्कशॉपला मला मेंटर म्हणून बोलावलं. फी ऐकून मला घेरी यायची बाकी होती. मुली हुशार, हात चांगले, पण सगळ्या छापील पॅटर्नवरून स्वतःसाठीच शिवत होत्या. म्हटलं, आज शेजारणीसाठी शिवा, तिचं माप घ्या. एकमेकींना हात लावायला त्या संकोचल्या. शेवटी टेप मीच धरली. पहिलीचा खांदा साडेचौदा भरला. ‘काकू, राहू दे ना,’ ती म्हणाली, ‘मी मीडियम आहे.’